कार्पेट किती, हे शेवटी विचारा

पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कार्पेट किती वाढवून देणार?’ दुसरा भाड्याचा, तिसरा कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर देणार त्या एकरकमी निधीचा. चार बिल्डरांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले जातात आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या बाजूने हात वर होतात. इमारत कशी असेल, हे विचारायचं राहूनच जातं. जिन्यात दिवसा उजेड असेल का, स्वयंपाकघराची खिडकी कशावर उघडेल, आजी-आजोबांना संध्याकाळी टेकायला जागा असेल का, आणि दहा वर्षांनी या घराचा महिन्याचा खर्च पेन्शनमधून निघेल का, हे प्रश्न चहा-समोसे येईपर्यंत कोणाच्या तोंडी येत नाहीत.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या, तीन-चार मजली सोसायट्यांच्या सभासदांसाठी हे लिहितो आहे. नवा फ्लॅट विकत घेणाऱ्याला छापील नकाशातला एक चौकोन निवडता येतो, बस्स. तुमच्याकडे जमीन आहे. तुमचा कागद अजून कोरा आहे, आणि त्यावर काय काढायचं ते सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. आयुष्यात हा अधिकार बहुतेकांना एकदाच मिळतो.

त्याही आधी एक गोष्ट तपासा. इमारत खरोखरच पाडायला हवी आहे का? गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मुंबईत या ऑडिटमध्ये इमारतीला वर्ग देतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ मध्ये मोडणाऱ्या इमारती दुरुस्त होऊ शकतात, काही तर रहिवाशांना न हलवताही. गळणारी गच्ची आणि पोपडे निघालेला स्लॅब म्हणजे सी-१ नव्हे. ऑडिटर कोणी नेमला आणि त्याची फी कोणी भरली, हे विचारा. ती बिल्डरने भरली असेल तर दुसरं मत घ्या. उभ्या इमारतीतलं सिमेंट आणि लोखंड एकदा खर्ची पडलेलं आहे. ती आणखी वीस वर्षं धडपणे वापरता आली, तर पर्यावरणाच्या दृष्टीने त्याहून चांगलं काही नाही. पण इमारत खरंच थकली असेल, तिसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्ट नाही म्हणून वर्षभर खाली उतरले नसतील, तर नवी बांधायलाच हवी. तेव्हा ती नीट बांधून घ्या.

परवडणं म्हणजे महिन्याचं बिल

पुनर्विकासात घर फुकट मिळतं, असं आपण म्हणतो. घर मिळतं, ते चालवायचा खर्च आपला. चार मजल्यांच्या जुन्या इमारतीत खर्च कसला? एक पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, एक वॉचमन, झाडलोट. बावीस मजली टॉवरमध्ये दोन-तीन लिफ्ट आणि त्यांचे वार्षिक देखभाल करार, आग विझवायचे पंप आणि त्यांची तपासणी, डिझेल जनरेटर, पोडियमचे दिवे, गाड्या वर-खाली करणारं यांत्रिक पार्किंग, कदाचित सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, आणि हे सगळं बघणारा मॅनेजर. पाणीसुद्धा बावीस मजले वर चढवावं लागतं, त्याची वीज वेगळी.

हिशेब करून बघा. समजा तुम्हाला पाच लाख कॉर्पस मिळाला आणि तो मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवला. वर्षाला पस्तीस हजार, म्हणजे महिन्याला २,९०० रुपयांच्या आसपास. नव्या इमारतीचा मेंटेनन्स सहा-साडेसहा हजार निघाला, तर वरचे तीन-साडेतीन हजार दर महिन्याला खिशातून. मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, ठेवीचं व्याज आहे तिथेच राहतं, त्यावर प्राप्तिकर लागला तर तो वेगळाच. मोठ्या कार्पेटचा आणखी एक फटका मुंबईकरांनी लक्षात ठेवावा. महापालिका हद्दीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. चारशेचं घर साडेपाचशेचं झालं, की ती माफी गेली.

शेजारची तीन-चार निवृत्त कुटुंबं नव्या इमारतीत राहायला येतात आणि दोन-चार वर्षांत घर विकून बदलापूरला किंवा गावी निघून जातात, याचं कारण बहुधा हेच असतं. बाहेर मात्र ‘मुलाजवळ जातोय’ असं सांगतात.

म्हणून पहिली मागणी अशी करा: प्रत्येक प्रस्तावासोबत इमारत चालवायचा अंदाजे मासिक खर्च लेखी द्या, बाबवार. लिफ्ट किती, पंप किती, सुरक्षारक्षक किती, यांत्रिक पार्किंग आहे का. जलतरण तलाव आणि जिम नको असेल तर आत्ताच नाही म्हणा. माहितीपत्रकात सुंदर दिसणारी प्रत्येक गोष्ट पुढे दरमहा पैसे मागते. उपविधींत इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात टाकायला सांगितलं आहे. महाग बांधकामाची ही टक्केवारीही महागच येते.

उंचीचंही तसंच. एफएसआय ही बांधकामाची कमाल मर्यादा आहे. ती पूर्ण वापरलीच पाहिजे असा कायदा नाही. अर्थात, विक्रीच्या घरांतूनच तुमच्या घरांचं बांधकाम निघायचं असतं, त्यामुळे मुंबईसारख्या ठिकाणी फार खाली उतरता येणार नाही. पण हिशेब जुळायला चौदा मजले पुरत असतील, तर बावीस कशासाठी, हे विचारायला हवं. वरचे आठ मजले कोणाच्या नफ्याचे आहेत, ते उत्तरातून कळेल.

हवा आणि ऊन

मानखुर्द-गोवंडी पट्ट्यातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने काही वर्षांपूर्वी क्षयरोगाचा अभ्यास केला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि वारा फिरत नाही. आणि अशा घरांत क्षयाचं प्रमाण अधिक. झोपडपट्टीतून ‘पक्क्या घरात’ गेलेल्या माणसांच्या आजाराला घरानेच हातभार लावला. आपल्या मध्यमवर्गीय सोसायट्यांना वाटतं, हे तिकडचं. पण मुंबईत पुनर्विकासाच्या नकाशांमध्येही मोकळ्या जागेतली तूट प्रीमियम भरून माफ करून घेता येते. वास्तुविशारदाला स्पष्ट विचारा: कोणत्या बाजूला किती मोकळी जागा हवी होती, किती सोडली आहे, आणि कितीची सूट घेतली? या एका प्रश्नाने सभेचा रंग बदलतो.

मग घराच्या आत या. मुंबई-कोकण पट्ट्यात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. तो घरात शिरला तर बाहेर पडायला समोर वाट हवी. दोन समोरासमोरच्या, निदान दोन वेगळ्या भिंतींना खिडक्या असलेलं घर पंख्यावर भागतं. एकाच भिंतीला सगळ्या खिडक्या असलेलं घर एसीवाचून राहत नाही. मधोमध बंद पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं, अशा मजल्यावरची बहुतेक घरं एकाच बाजूची होतात. कोपऱ्यातली तेवढी सुटतात. पॅसेजमध्ये दिवसरात्र ट्यूबलाइट लागते ती वेगळीच.

सरकती खिडकी फक्त अर्धीच उघडते. म्हणजे चार फुटी खिडकीची हवा दोन फुटांची. बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण उघडते. ती जरा महाग पडते आणि ग्रिलचा प्रश्न येतो. पण निदान बेडरूमसाठी मागून बघा. प्रत्येक खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा हवा. हल्ली इमारत ‘स्वच्छ दिसावी’ म्हणून छज्जे गायब केले जातात, मग पहिल्याच जुलैत पाणी आत येतं आणि चार महिने खिडक्या बंद. ऊन-पाऊस दोन्ही जाणणारे जुने गवंडी छज्जा कधी विसरले नव्हते.

पश्चिमेच्या भिंतीवर बेडरूम येत असेल, तर ती दुपारभर तापते आणि रात्री तापच परत देते. तिथे जिना, डक्ट, कपाटं, संडास-बाथरूम घ्या. बाहेरच्या भिंतींना एएसी (हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक वापरले तर उष्णता कमी शिरते आणि इमारतीचं वजनही घटतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक घातला, तर वरच्या मजल्यावर मे महिन्यात फरक जाणवतो. यातलं बहुतेक नवं किंवा परदेशी नाही. खर्चही मार्बलच्या लॉबीपेक्षा कमी.

आणि डक्ट! बाथरूमच्या पाइपांची डक्ट खाली उघडी, माणूस शिरून साफ करू शकेल एवढी, आणि वर आकाशाला मोकळी हवी. प्रत्येक गळतीची भांडणं तिथूनच सुरू होतात. एवढं नीट झालं तर सचिवपदाला उमेदवार तरी मिळतील.

गॅलरी कुठे गेली

चाळीच्या आठवणी काढून गहिवरणं आपल्याला फार जमतं. मुंबईतल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची होती, संडास सामाईक होते, आणि त्या खोलीत आठ-दहा माणसं राहायची. तिथल्या लोकांना आता पुनर्विकासात पाचशे फुटांची घरं मिळत आहेत, ती मिळायलाच हवी होती. चाळ परत आणा, असं मी म्हणत नाही. पण चाळीच्या गॅलरीने एक काम केलं होतं. घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला ती शेजाऱ्यासमोरून नेत असे. कोणाचं दार दोन दिवस उघडलं नाही, हे कळत असे. मूल रांगत बाहेर गेलं तर चार डोळे त्याच्यावर असत.

नव्या इमारतीत लिफ्टपासून दारापर्यंतच्या सात पावलांत कोणी भेटत नाही. हे माणसं बदलल्यामुळे झालं, असं आपण म्हणतो. माझ्या मते नकाशा बदलल्यामुळे झालं. गॅलरी विकता येत नाही, म्हणून ती पहिली कापली जाते.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८०च्या दशकात सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत उभारली. सात घरं आणि मधे साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं, आणि त्यांच्या मधे बारा मीटरचा चौक. तिथली अनेक मूळ घरं पुढे मालकांनी बदलली, वाढवली, काही पाडलीही. पण त्या मांडणीतला हिशेब आजही लागू पडतो. सात घरांना एक अंगण दिलं, तर ते त्या सात घरांचं होतं. झाडायचं कोणी, हा प्रश्न पडत नाही. दोनशे घरांना एक पोडियम गार्डन दिलं, तर ते कोणाचंच नसतं, आणि तिथे ‘खेळण्यास मनाई’ची पाटी लागते.

उंच इमारतीत हेच असं मागता येईल: प्रत्येक मजल्यावर चार ते सहा घरं, आणि त्यांची दारं बंद पॅसेजऐवजी एका बाजूने उघड्या, पाच-सहा फूट रुंद गॅलरीवर. तिथे एक बाक बांधून घ्या. जमलं तर दर तीन-चार मजल्यांमागे एक खोलीएवढी सामाईक गच्ची. पापड वाळवायला, मुलांच्या अभ्यासाला, कोणाच्या घरी पाहुणे जास्त आले तर बसायला. तळमजल्यावर, लिफ्टकडे जायच्या वाटेवरच, एक सभागृह. कोपऱ्यात लपवलेलं सभागृह वर्षातून दोनदा उघडतं. वाटेवरचं असलं की वाचनालय होतं, भिशी होते, योगवर्ग होतो. कपडे वाळवायची सोय प्रत्येक घराला बाल्कनीबाहेर द्या, नाहीतर सहा महिन्यांत इमारतीचा दर्शनी भाग दोऱ्यांनी भरतो आणि समिती नोटिसा काढत बसते.

गाड्यांबद्दल थोडं कडू बोलतो. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटरची जागा लागते, आणि ती आत-बाहेर काढायची वाट धरली तर सुमारे दुप्पट. म्हणजे एक उभी गाडी बीडीडीतल्या एका कुटुंबाच्या खोलीपेक्षा जास्त जागा अडवते. नियमाने सक्तीचं आहे तेवढं पार्किंग करावंच लागतं. पण प्रत्येक सभासदाला दोन गाड्या, आणि त्यासाठी तळमजला संपूर्ण, त्यावर तीन मजले पार्किंग, त्यावर पोडियम, असा नकाशा आला, तर लहान मुलाला जमिनीवर पाय ठेवायला जागा राहत नाही. प्लॉटचा एक पट्टा खाली तळघर नसलेला, मूळ मातीचा राखून ठेवा. पोडियमवरच्या दोन फूट मातीत नारळ दिसतो छान, पण वड-पिंपळ-आंबा होत नाही आणि पावसाचं पाणीही मुरत नाही.

एक इशारा. विक्रीची घरं घेणाऱ्यांसाठी वेगळी विंग, वेगळं गेट, आणि बाग-क्लबहाउस फक्त त्यांच्यासाठी, असे प्रस्ताव येतात. जमीन तुमची, आणि बाग बघायची खिडकीतून. सगळ्या सामाईक सोयी सगळ्यांसाठी, हे विकास करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको.

तसंच, ‘आपली माणसं’ म्हणजे आपल्याच जातीची, आपल्याच जेवणाची माणसं, हा अर्थ नव्या इमारतीत नेऊ नका. मुंबईत सहकारी गृहनिर्माण १९१५ साली गावदेवीत सारस्वतांच्या सोसायटीपासून सुरू झालं, तेव्हा एका समाजाने एकत्र येणं हाच मार्ग होता. आज मांसाहारी भाडेकरू नको, एकटी मुलगी नको, अमुक धर्माचं कोणी नको, असं म्हणणाऱ्या सोसायटीत गॅलरी कितीही रुंद केली तरी शेजार जमणार नाही.

पाणी, वीज, कचरा

हे सोपं आहे, कारण याचे हिशेब चोख आहेत. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्यात, साधारण सातशे मिलिमीटर धरले तरी, साडेतीन लाख लिटर पडतं. वाया जाणारं वजा केलं तरी बोअरवेल भरून निघायला मदत होते. मुंबईत त्याच्या तिप्पट. दोन बटणांचे फ्लश घ्या. बेसिन-बाथरूमचं पाणी आणि संडासाचं पाणी यांचे पाइप पहिल्यापासून वेगळे टाका. नंतर भिंती फोडून ते होत नाही.

छतावरची सौरवीज सामाईक दिव्यांना, पंपांना आणि लिफ्टला मिळावी. एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट निघतात. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. मात्र गच्ची कोणा एकाच्या पेंटहाउसला विकू देऊ नका; तसं झालं की सौरवीजही गेली आणि कोजागरीही. ओल्या कचऱ्याच्या खताची जागा नकाशातच दाखवून घ्या, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून. पुणे महापालिका अशा सोयींसाठी मिळकतकरात सवलत देते.

बिल्डर हवाच का?

हवाच असं नाही. राज्य सरकारने २०१९ मध्ये स्वयंपुनर्विकासासाठी सवलती जाहीर केल्या, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्ज देऊन अनेक सोसायट्या उभ्या केल्या. सोसायटीच वास्तुविशारद, प्रकल्प व्यवस्थापक आणि ठेकेदार नेमते. नफा सभासदांत राहतो, आणि तो कार्पेटमध्ये घ्यायचा, कॉर्पसमध्ये, की कमी मजल्यांमध्ये, हे तुम्ही ठरवता. पण तीन वर्षं दर रविवारी बैठकीला बसणारे, हिशेब वाचू शकणारे चार-पाच सभासद नसतील तर या वाटेला जाऊ नका. आणि जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसेल, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर नसेल, तर आधी मानीव अभिहस्तांतरण करून घ्या. त्याशिवाय बँक दारात उभं करत नाही.

बिल्डर नेमलात तर सावध राहा. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचा करार २००८ साली झाला. काम अर्धवट थांबलं, म्हाडाला ते हाती घ्यावं लागलं, आणि घरं मिळेपर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. बँक गॅरंटी, भाड्याची हमी आणि उशिराचा दंड हे करारात नसेल, तर वाढीव कार्पेटला अर्थ नाही.

सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन-तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचं चित्रीकरण करावं लागतं. तेव्हा सभेला जाताना घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारून जा. दिवसभर घरात तेच असतात. मतदान नकाशे बघितल्यावरच होईल, असा ठराव आधी मांडा. मजल्याचा नकाशा, मोकळ्या जागांचा तक्ता आणि मेंटेनन्सचा अंदाज निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक घरी पोचू द्या. नकाशा कळत नसेल तर वास्तुविशारदाला तो मराठीत, जमिनीवर खडूने आखून समजावायला सांगा. संकोच करू नका. त्याची फी शेवटी तुमच्याच जमिनीच्या किमतीतून जाते.